पुणे-इंदूर : पाचशे किलोमीटर आणि दहा रात्री

दरवर्षी चतुर्थीला गुरुजी पाटावर बसवून संकल्प सांगतात, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांचे लक्ष पळीपंचपात्राकडे किंवा स्वयंपाकघरातून येणाऱ्या मोदकांच्या वासाकडे असते. पण त्या संकल्पात एक पत्ता दडलेला असतो. कोणत्या देशात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसून आपण ही पूजा करीत आहोत, ते त्यात सांगावे लागते. पुण्यातल्या भावाकडे त्याच दिवशी, त्याच गणपतीपुढे गुरुजी गोदावरीचा दक्षिण तीर म्हणतात; आपल्याकडे नर्मदेचा उत्तर तीर. घराणे एक, कुलदैवत एक, आरत्याही त्याच. फक्त मध्ये नद्या येतात.

त्या दोन तीरांमधले अंतर नेमके किती, आणि ते कापायला आपल्या आधीच्या लोकांना किती दिवस लागत, हा यंदाच्या लेखाचा विषय आहे.

आधी आजचा हिशेब. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळापासून पुण्याच्या लोहगावपर्यंत सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर भरतात. गंमत अशी की मुंबईचा विमानतळही इंदूरपासून जवळपास तितकाच लांब आहे, पाच-सात किलोमीटरचा काय तो फरक. विमानवाले अंतर सागरी मैलांत मोजतात, त्यांच्या भाषेत हे २७० मैल झाले. तिकिटावर वेळ छापलेली असते ती सव्वा तास किंवा त्याहून पाच-दहा मिनिटे जास्त. आता जेट विमान वर गेले की ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने जाते. त्या हिशेबाने पुणे चाळीस मिनिटांच्या आत यायला हवे. मग उरलेली मिनिटे जातात कुठे? तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, पुढच्याचे उड्डाण होईपर्यंत थांबणे, वर चढणे, आणि सातपुडा ओलांडून थोडे गेलो नाही तोच पुन्हा खाली उतरू लागणे, यातच निम्मा वेळ सरतो. इतक्या जवळच्या प्रवासात पूर्ण वेगाने सरळ उडायला मिळतात ती मोजकी मिनिटे. त्यातून लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. तिथली धावपट्टी नागरी विमानांना लष्कराबरोबर वाटून घ्यावी लागते.

घरून निघण्याची घाई, विमानतळावरची तपासणी, पुण्यात उतरल्यावर कोथरूडपर्यंतची वाहनांची गर्दी हे सारे धरले, तर सव्वा तासाचे पाच तास सहज होतात. रस्त्याने अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास. रात्रीची बस अकरा-बारा तास घेते, कधी चौदा. आणि रेल्वेने? रेल्वेने आपण हजाराला थोडे कमी इतके किलोमीटर जातो, आणि सोळा तास लागतात. पाचशेच्या जागी हजार कसे झाले, ते पुढे येईलच.

आता मागे जाऊ. विमान ज्या रेषेत उडते, जवळजवळ त्याच रेषेत मराठी माणूस प्रथम माळव्यात आला. पुणे, नगर, खानदेश, सातपुड्याचा घाट, नर्मदेचा उतार, विंध्याचा घाट, की माळवा. १७२८ मध्ये चिमाजीअप्पांची फौज नर्मदा ओलांडून वर चढली आणि २९ नोव्हेंबरला धारजवळ अमझेऱ्याला गिरिधर बहादूर आणि दया बहादूर हे दोघे मोगली सरदार तिने मारले. त्या एका दिवसाने माळव्याचे दार उघडले, आणि पाठोपाठ मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे आणि पवार मंडळी इथे स्थिरावली. त्यांच्यामागे त्यांचे फडणीस, चिटणीस, पुराणिक, वैद्य आणि आचारी. आज या अंकात ज्यांची नावे छापली आहेत त्यातल्या बऱ्याच घराण्यांचा मूळ पुरुष याच रस्त्याने आलेला आहे.

बखरींत 'मजल दरमजल' हा शब्द येतो तो या रस्त्यांचाच. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. सडी फौज, म्हणजे बुणगे मागे ठेवून निघालेले घोडेस्वार, दौड मारीत कितीतरी पुढे जात. पण बायकामुले, बैलगाड्या, तंबू-राहुट्या घेऊन चाललेले बिऱ्हाड दिवसाला पाच-सात कोसांच्या पुढे सरकत नसे. सहाशे किलोमीटरचा रस्ता, म्हणजे दोनशे कोस. कोठे मुक्काम न लांबवता, कोणी आजारी न पडता, नदीला पूर नसता, तर महिना. पावसाळ्यात नर्मदा आणि तापी उतार देत नसत, मग दसऱ्यापर्यंत वाट पाहणे आले.

चौंडी हे गाव या वाटेच्या बाजूलाच, नगर जिल्ह्यात. ३१ मे १७२५ रोजी तिथे जन्मलेली एक मुलगी लग्न होऊन अशीच मजल दरमजल करीत माळव्यात आली. आता त्या नगरला तिचे नाव मिळाले आहे, आणि इंदूरच्या विमानतळालाही. पुण्याहून मोटारीने इंदूरला येणारा माणूस अहिल्यानगरहून जातो, विमानाने येणारा अहिल्याबाईंच्या नावाच्या विमानतळावर उतरतो. कुठूनही या, स्वागताला आई आहेतच.

पण माणसांच्या प्रवासापेक्षा जास्त महत्त्वाचा होता बातमीचा प्रवास. जासूद आणि सांडणीस्वार पत्रे नेत, आणि मोठ्यातली मोठी बातमीही त्यांच्या पायांच्या वेगानेच जाई. पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. नानासाहेब पेशवे तेव्हा मदतीला फौज घेऊन उत्तरेकडेच निघाले होते, आणि भेलशाला, म्हणजे आजच्या विदिशाला येऊन ठेपले होते. मोत्यां-मोहरांच्या सांकेतिक भाषेतले ते सावकारी पत्र त्यांच्या हाती पडले २४ जानेवारीला. दहा दिवस पेशव्यांचा मुलगा मेलेला होता आणि बाप त्याच्याच मदतीला चालला होता.

हे दहा दिवस आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण आपल्या धर्मशास्त्रातही हाच आकडा आहे. निर्णयसिंधु, धर्मसिंधु हे ग्रंथ आपल्या अनेक घरांत अजून माळ्यावर, निदान नावाने तरी आहेत. त्यांत आशौचाचा, म्हणजे सुतकाचा विचार करताना एक प्रश्न येतो : नातलग दूरदेशी वारला तर सुतक कधीपासून आणि किती धरायचे? त्यासाठी आधी 'देशांतर' म्हणजे काय ते ठरवावे लागते, आणि शास्त्रकारांनी ते मैलांत किंवा कोसांत ठरवून भागवलेले नाही. मध्ये मोठी नदी आली, मध्ये पर्वत आला, बोली बदलली, तर ते देशांतर. किंवा, आणि हे आम्हाला फार मार्मिक वाटते, जिथली वार्ता दहा रात्रींत ऐकू येत नाही ते देशांतर.

पुणे आणि इंदूर यांना ही कसोटी लावून पाहा. मोठी नदी? एक नव्हे, गोदावरी, तापी आणि नर्मदा अशा तीन. पर्वत? सातपुडा आणि विंध्य. बोली? खानदेश संपता संपता अहिराणीची निमाडी होते, आणि मानपूरचा घाट चढला की माळवी. वार्ता? पत्र दहा रात्रींत पोहोचले तर पोहोचले. शास्त्राच्या प्रत्येक निकषावर आपले पूर्वज 'देशांतरी' राहत होते. आणि नियम असा की दहा दिवस उलटून गेल्यावर दूरच्या आप्ताच्या मृत्यूची बातमी आली तर सुतक दहा दिवसांचे न राहता तीन रात्रींवर येते. आणखी काही महिने लोटले की दीड दिवसावर, मग एका दिवसावर, आणि वर्ष उलटले तर नुसते स्नान. अपवाद आहे तो आईबापांचा. मुलगा कितीही दूर असो, बातमी कितीही उशिरा येवो, ज्या दिवशी ऐकली त्या दिवसापासून त्याला पूर्ण दहा दिवस. या नियमांना कोणी कर्मकांड म्हणेल. आम्हाला मात्र त्यांत मागच्या काळची प्रवासाची वेळापत्रके दिसतात. शोकालाही रस्त्याने चालावे लागत होते, आणि चालता चालता तो थकत होता, हे त्या ग्रंथकारांना ठाऊक होते. आईबापांचा शोक तेवढा थकू द्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले.

थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या दक्षिण तीरावर रावेरखेडीला वारले. सनावदच्या बाजूने गेले की ती समाधी दिसते, आपल्यातले बरेच जण जाऊन आलेले आहेत. चिमाजीअप्पा आणि थोरले चिरंजीव नानासाहेब त्या वेळी दूर कोकणात होते. ज्या भावाने माळव्याचे दार उघडले आणि ज्या मुलाला पुढे पेशवाईची वस्त्रे मिळाली, त्या दोघांनाही शेवटचे दर्शन घडले नाही. वैशाखातल्या उन्हात त्यांची वाट पाहत थांबणे शक्यच नव्हते. अग्नी तिथेच नदीकाठी दिला गेला.

या वाटेचे सामान्य माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेले वर्णन हवे असेल तर वरसईच्या विष्णुभट गोडशांचे 'माझा प्रवास' वाचावे. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, या आशेने ते चुलत्यांबरोबर १८५७ मध्ये पायी निघाले. सातपुडा ओलांडून महूच्या अलीकडे पोहोचतात तोच बंडाची चाहूल त्यांना लागली. यज्ञाचे राहिले बाजूला. घरी परतायला त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या अवधीत ते जिवंत आहेत की नाहीत हे वरसईत कोणाला कळायला मार्ग नव्हता.

पेशवाई तेव्हा संपून चाळीस वर्षे होत आली होती. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, शेजारी महूला इंग्रजांची छावणी पडली. पुण्याला जाण्याचे राजकीय कारणच उरले नाही. उरली ती माणसांची कारणे : लग्न, मुंज, कुलदैवत आणि मरण.

मग रेल्वे आली, आणि ही कथा बदलली. मुंबई-जबलपूर मार्ग १८७० मध्ये पुरा झाला. त्यावर खंडवा होते. इंदूर त्या मार्गावर नव्हते, आणि विंध्य चढून वर यायला कंपनीला घाई नव्हती. तेव्हा दुसरे तुकोजीराव होळकर पुढे झाले. खंडवा-इंदूर मार्गासाठी त्यांनी एक कोट रुपये साडेचार टक्के व्याजाने इंग्रज सरकारला कर्जाऊ दिले, मुदत एकशे एक वर्षे. (आहेराच्या पाकिटात वरचा एक रुपया घालायची आपली रीत सरकारी करारातही उतरली, असे गमतीने म्हणायला हरकत नाही.) संस्थानिकाने इंग्रजांकडून कर्ज घेतल्याची उदाहरणे पुष्कळ, इथे उलटे झाले. होळकर स्टेट रेल्वे या नावाने तो मार्ग उभा राहिला. १८७६ मध्ये मोरटक्क्याजवळ नर्मदेवर पूल झाला आणि त्याच दशकाच्या अखेरीपर्यंत गाडी इंदूरला आली. १८७८ मध्ये मनमाड-दौंड मार्गही सुरू झाला. एका पिढीपूर्वी जिथे महिना लागत होता, तिथे आता इंदूर, खंडवा, मनमाड, दौंड, पुणे असा प्रवास दीड-दोन दिवसांवर आला. पुलावरून जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून नर्मदेत पैसा टाकायची सवय आपल्याला तेव्हाच लागली असावी.

ज्येष्ठ वाचकांना ती छोटी गाडी आठवत असेल. महूच्या पुढे पातालपाणीचा धबधबा, बोगदे, आणि मग घाट उतरून काळाकुंड. वर चढताना काळाकुंडला मागून दुसरे इंजिन लागे, तोवर पळसाच्या पानावरचा कलाकंद घ्यायला वेळ मिळे. खंडव्याला अंथरुणाच्या वळकट्या, फिरकीचा तांब्या आणि पेंगणारी मुले सांभाळत मोठ्या गाडीसाठी फलाट बदलायचा. सामान मोजणे हे घरातल्या एका माणसाचे काम ठरलेले असे. गैरसोय होती, पण दिशा बरोबर होती : गाडी दक्षिणेला जात होती.

विमानही याच सुमारास नसले तरी फार उशिरा आले असे नाही. १९३५ मध्ये होळकर संस्थानाने विमानतळ बांधायचे ठरवले. टाटांचे वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या मदतीने जागा निवडली गेली ती बिजासनची. नोव्हेंबर १९३७ मध्ये टाटांनी मुंबई-दिल्ली सेवा सुरू केली, तिचे थांबे इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर. ओळखीची नावे आहेत ना? मराठ्यांच्या मुक्कामांच्या जागा वैमानिकांनीही निवडल्या. स्वातंत्र्यानंतर २६ जुलै १९४८ पासून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईसाठी नियमित विमाने सुटू लागली. त्या काळच्या डाकोटासारख्या विमानाला मुंबई गाठायला दोन तास पुरत. म्हणजे पंचाहत्तर वर्षांपूर्वीही आकाशातला वेळ आजच्या तिकिटापेक्षा तासाभरानेही जास्त नव्हता! फक्त त्या विमानात बसणारे आपल्या ओळखीत नव्हते.

बिजासन या नावाविषयी थोडे. पुण्याकडून येताना महाराष्ट्राची हद्द संपते तिथे, सेंधव्याच्या अलीकडे, बिजासनचा घाट आहे आणि घाटात देवीचे देऊळ. ट्रकवाले तिथे थांबून नारळ फोडतात. इंदुरात विमानतळाजवळ टेकडीवर बिजासन मातेचेच देऊळ आहे. रस्त्याने या किंवा विमानाने, माळव्यात शिरायला परवानगी बिजासनचीच लागते, असे आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक म्हणत.

पण रेल्वेचे पुढे काय झाले? इंदूर उज्जैनमार्गे मोठ्या रुळांवर आले आणि मुंबईची थेट गाडी मिळाली. फलाट बदलण्याची कटकट गेली, सगळ्यांना आनंद झाला. पण ही गाडी आधी उत्तरेला उज्जैनला जाते, मग पश्चिमेला रतलाम, दाहोद, गोध्रा, वडोदरा, आणि तिथून सुरतेवरून खाली. मुंबईपर्यंत ८२९ किलोमीटर. पुण्याची गाडी वसईहून कल्याणकडे वळून आणखी लांब. दक्षिणेला जायचे म्हणून आपण आधी उत्तरेला तोंड करतो आणि अर्धा गुजरात पाहून पुण्याला पोहोचतो. खंडव्याचा छोटा मार्ग रूपांतरासाठी बंद झाला. पातालपाणी-काळाकुंड तेवढी सहलीची गाडी उरली. ज्या वाटेने आपण आलो त्या वाटेवर, धुळे-सेंधवा-इंदूर अशी रेल्वे, दीडशे वर्षांत झालीच नाही. आणि याचा परिणाम नुसता वेळेवर झाला नाही, असे आमचे मत आहे. रात्री वडोदऱ्याच्या फलाटावर चहा पिणारी मुले नगर-मनमाड-धुळे ही नावे विसरली. खानदेशातल्या ज्या गावी मुक्काम होत, जिथे दूरच्या आत्या-मावश्या असत, ती नाती गाडीच्या वाटेवर राहिली नाहीत म्हणून आटली. वडोदऱ्याच्या मराठी मंडळींशी ओळख वाढली, हा त्यातला फायदा; तोही नाकारत नाही.

२ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या नव्या मार्गाला मंजुरी दिली. लांबी ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये, नवी स्थानके ३०, आणि काम २०२८-२९ पर्यंत पुरे करण्याचा संकल्प. हिशेब मांडून पाहिला तर या मार्गाने इंदूर ते मुंबई पावणेसहाशे किलोमीटरच्या आत, आणि दौंडमार्गे पुणे सव्वासहाशेच्या आसपास येते. साडेतीनशे किलोमीटरचा फेरा वाचेल. किती वर्षांत, ते गजाननाच्या हाती. या मागणीची निवेदने देणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आता हयात नाहीत.

तोपर्यंत आपल्या घरांत काय होते ते सर्वांना माहीत आहे. पहाटे फोन येतो, किंवा आपण करतो. बातमीला आता दहा रात्री लागत नाहीत, दहा सेकंद लागतात. पुढचा प्रश्न एकच असतो : "विमान मिळतंय का?" रामबागेत, नारायणबागेत, लोकमान्यनगरात अंगणात माणसे जमलेली असतात, कोणीतरी बर्फाची व्यवस्था पाहते, गुरुजी घड्याळाकडे बघतात. पुण्याहून मुलगा निघाला आहे, दुपारपर्यंत पोहोचेल, थांबायचे. शास्त्राने आईबापांपुरता जो अपवाद केला होता, तो आता विमानाच्या वेळापत्रकावर पाळला जातो. कधी त्या दिवशीचे विमान भरलेले असते, कधी नसतेच. मग मुलगा गाडी काढतो, चाकण, संगमनेर, नाशिक, धुळे करीत रात्र काढतो, आणि पहाटे बिजासनच्या घाटातून बहिणीला फोन करतो की नर्मदा यायला अजून दीड तास आहे, तोवर थांबा.